मुलाच्या कॉलेजची फी कोणी भरायची? पीएफ काढण्याआधी हा हिशेब मांडा

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देतो. मुलाला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यातल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात सीट मिळाली आहे. वर्षाची फी १,३०,००० रुपये, त्यातली ट्यूशन फी १,१५,०००. प्रवर्ग खुला. यजमान साखर कारखान्यात फिटर आहेत, वय ५३, निवृत्तीला सात वर्षं. पगार हातात ३८,००० येतो, ताई घरी शिवणकाम करतात, सगळं धरून वर्षाचं उत्पन्न साधारण साडेपाच लाख. दोन एकर रान, आठ तोळे सोनं, दीड लाखाची एफडी. धाकटी मुलगी दहावीत. यजमान म्हणतात, पीएफमधले पाच लाख काढतो, पोराच्या डोक्यावर कर्ज नको. मुलगा म्हणतो, बाबांनी एक रुपया घालायचा नाही, मी माझ्या नावावर कर्ज काढतो आणि मीच फेडतो. आठ दिवस बाप-लेकाचं नीट बोलणं नाही. ताईंचा प्रश्न एवढाच: "फी भरायची जबाबदारी नक्की कोणाची, आई-बापाची की मुलाची?"

ताई, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची १४ बहुतेक शैक्षणिक कर्जांच्या टेबलावर. हा वाद माझ्यासमोरच्या दोन खुर्च्यांवर शेकडो वेळा झालेला आहे. तुमचे यजमान आणि मुलगा दोघंही प्रेमापोटीच बोलताहेत, आणि दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. माझं मत आधी सांगतो, मग हिशेब. फीचा पहिला वाटा सरकारकडून घ्यायचा, तो तुमचा हक्क आहे. दुसरा वाटा आई-बापांनी द्यायचा, पण चालू पगारातून, म्हातारपणाच्या पैशातून नाही. उरलेला मुलाने उचलायचा, कर्ज म्हणून, त्याच्या पुढच्या कमाईवर. आणि कोणाच्या वाट्याला किती हे प्रवेशाच्या आधी तिघांनी एका कागदावर लिहायचं.

पीएफपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या घरात आज सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे. पीएफवर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांना ८.२५ टक्के व्याज मिळालं. तोच दर धरला तर आज काढलेले पाच लाख सात वर्षांनी आठ लाख सत्तर हजार झाले असते. म्हणजे यजमान पाच नाही, पावणेनऊ लाख देताहेत. आता निवृत्तीनंतरची पेन्शन बघा. पीएफसोबतच्या ईपीएस योजनेची पेन्शन १५,००० रुपयांच्या पगार मर्यादेवर मोजली असेल, तर नोकरीची ३५ वर्षं धरून ती ७,५०० रुपये महिना होते. त्यात दोन माणसांनी दूध, किराणा, लाइट बिल आणि बीपीच्या गोळ्या भागवायच्या. कारखान्यातल्या माणसाचं म्हातारपण पीएफच्या त्या एका रकमेवरच उभं असतं.

यावर यजमान म्हणतील, आणि ते म्हणणं चुकीचं नाही, की पीएफवर सव्वाआठ मिळतात आणि बँक दहाच्या आसपास घेते, मग स्वतःचा पैसा वापरणं स्वस्त नाही का? कागदावर स्वस्तच आहे. पण १८ वर्षांच्या मुलाला बँक शिकायला कर्ज देते, त्याच्यासमोर कमाईची ३५-४० वर्षं आहेत. ६२ वर्षांच्या निवृत्त फिटरला घर चालवायला कोणती बँक कर्ज देणार आहे? मुलाचं कर्ज मुलगा फेडू शकतो. रिकामा झालेला पीएफ पुन्हा भरायला यजमानांकडे वर्षंच नाहीत. त्या दीड-दोन टक्क्यांत तुम्ही म्हातारपणी कोणापुढे हात न पसरण्याची सोय विकत घेता. मला ती महाग वाटत नाही. आणि पुढे मुलाच्या संसारात, त्याच्या ईएमआयमध्ये, सुनेच्या घरखर्चात आई-बापाला पैसे मागावे लागले, तर ज्या ओझ्यातून त्याला वाचवायला पीएफ काढला तेच ओझं वीस वर्षांनी त्याच्याकडे परत येतं. त्या वेळी त्याला स्वतःची मुलंही असतात.

यजमानांचं दुसरं वाक्य तुम्ही लिहिलंय: "आमच्या वेळी बापच भरायचा." हे त्यांना दुखावण्यासाठी सांगत नाही, पण तेव्हा बापाला भरावं लागायचंच फार थोडं. ते आयटीआयला होते. त्या काळच्या सरकारी आयटीआयचा आणि अनुदानित कॉलेजांचा बहुतेक खर्च सरकार उचलत होतं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तिथून महाराष्ट्रात चित्र बदललं. जागा भरपूर झाल्या, आपल्या तालुक्यांतली पोरं इंजिनिअर झाली, ते चांगलंच झालं. पण खर्च सरकारच्या ताळेबंदातून निघून घरच्या वहीत आला. आजोबांनी जे केलं तेच आपण करतोय असं यजमानांना वाटतं, प्रत्यक्षात ते त्याच्या कितीतरी पट करायला निघालेत.

त्याच्याही मागे गेलं तर आपल्याकडे शिक्षणाचा खर्च 'आई-बाप की मुलगा' एवढाच कधी नव्हता. पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत, सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार होता. तुमच्या शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं. वसतिगृहातल्या मुलांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. या सगळ्यांत समाजाने, संस्थानाने, शिकणाऱ्याने, प्रत्येकाने काहीतरी उचललेलं आहे. मुलगा कर्ज घेतो म्हणजे बाप कमी पडला, ही समजूत अलीकडची आहे आणि ती सोडायला हवी. 'लोक काय म्हणतील' यातले लोक माझ्या बँकेत कधी हप्ता भरायला आले नाहीत.

आता सरकारचा वाटा. माझ्यासमोर आलेल्या घरांपैकी निम्म्यांनी तरी इथे हातचा पैसा सोडलेला असायचा. तुमच्या घराला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना लागू होते, लोक तिला अजून ईबीसीच म्हणतात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून, मग ट्यूशन फीचा निम्मा भाग सरकार देतं. तुमच्या बाबतीत वर्षाला ५७,५००, चार वर्षांत २,३०,०००. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर हे मिळत नाही, अभिमत आणि खासगी विद्यापीठांतही नाही. म्हणून कोणी "अमुक विद्यापीठात कॉम्प्युटर मिळवून देतो" म्हणत आला तर फीचा फलक बघताना हे सव्वादोन लाख त्यात मनाने मिळवूनच बघा.

अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, मुलाने स्वतः भरायचा. खातं आधारला जोडलेलं, उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, अधिवास प्रमाणपत्र, कॅपचं अलॉटमेंट लेटर. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि हजेरी लागते. दुसऱ्या वर्षी मुलं हमखास विसरतात. एका मुलाने सेमिस्टरच्या गडबडीत तारीख चुकवली, आणि त्या वर्षीचे पन्नास हजार त्याच्या वडिलांनी म्हशी विकून भरले. मुलगा माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. त्याचा वाटा पैशाचा नव्हता, एका फॉर्मचा होता, आणि तेवढाच राहिला होता.

काही कॉलेजं प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागतात आणि "शिष्यवृत्ती आली की परत देऊ" म्हणतात. माझ्या पुतण्याच्या वेळी एका कॉलेजच्या ऑफिसने हेच केलं होतं. पात्र विद्यार्थ्याकडून त्याच्या वाट्याचीच फी घ्यावी अशा सरकारच्या सूचना आहेत. तेव्हा खिडकीवर वाद घालू नका. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारून पोच घ्या. पुतण्याच्या प्रकरणात पोच घेतल्यावर तिसऱ्या दिवशी सुधारित चलन मिळालं. आणि फीचा आकडाच पटत नसेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला मंजूर केलेली फी किती आहे ते पडताळा. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी तिथून ठरते, त्यासाठी २०१५ चा कायदा आहे.

दोन एकर रान यजमानांच्या नावावर असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचीही चौकशी करा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ती आहे. दाखला निघतो का ते तलाठ्याला विचारा. मिळाला तर उत्तम, पण खालच्या हिशेबात मी तो धरलेला नाही, न मिळालेल्या पैशावर घर बांधू नये.

वर्षाची फी १,३०,०००, ईबीसी वजा जाता ७२,५००. चार वर्षांचे २,९०,०००. हॉस्टेल आणि मेस पुण्यात साधं धरलं तरी वर्षाला १,१०,०००. चार वर्षांचे ४,४०,०००. लॅपटॉप, पुस्तकं, परीक्षा फी, एसटीची जा-ये मिळून ७०,०००. एकूण आठ लाख. घरातल्या कोणीच हा आकडा मोठ्याने उच्चारलेला नाही असं तुमच्या पत्रावरून वाटलं. सगळे पहिल्या वर्षाच्या फीवरच भांडताहेत.

आठपैकी चार लाख कर्ज घ्या, दरवर्षी एक लाख. चार लाखांची मर्यादा मी मुद्दाम धरतो, कारण तिथपर्यंत तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही आणि मार्जिन, म्हणजे तुमच्या पदरचा हिस्सा, बँक मागत नाही. त्याच्या वर साडेसात लाखांपर्यंतही २०१५ पासून केंद्राच्या हमी निधीमुळे बहुतेक बँका तारण घेत नाहीत, पण मार्जिन सुरू होतं. आणि गरज नसताना जास्त घेतलेलं कर्ज मी कधी सुखाने फिटलेलं पाहिलेलं नाही.

उरले चार लाख. तुम्ही लिहिलंय की ओढाताण करून महिन्याला आठ हजार बाजूला पडतात. चार वर्षांचे होतात ३,८४,०००. त्यातून एक काम आधी करायचं: कर्जावरचं व्याज शिक्षण चालू असतानाच दर महिन्याला भरत जायचं. बँक सांगेल की कोर्स संपल्यावर एक वर्षापर्यंत काहीच भरायची गरज नाही. खरं आहे, पण व्याज मोजलं जातंच. दहा टक्के दर धरला तर पहिल्या वर्षी दहा हजार, मग वीस, तीस, चाळीस, आणि नंतरच्या सवलतीच्या वर्षाचे चाळीस; मिळून १,४०,०००. हे भरलं नाही तर मुलाच्या हप्त्यांची सुरुवात चार नव्हे, ५,४०,००० वर होते. दहा वर्षांच्या मुदतीत पहिल्या बाबतीत हप्ता साधारण ५,२९० येतो, दुसऱ्या बाबतीत ७,१४०. महिन्याचे साडेअठराशे, एकशेवीस महिने: सव्वादोन लाखांच्या आसपास. म्हणजे तुम्ही वेळेवर भरलेले एक लाख चाळीस हजार मुलाचे सव्वादोन लाख वाचवतात. शिवाय बऱ्याच बँका शिक्षणाच्या काळात व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूट देतात. ती मागून घ्या, आपणहून लावतीलच असं नाही.

शिक्षणाच्या चार वर्षांतलं व्याज एक लाख; सवलतीच्या वर्षाचे चाळीस हजार त्या वर्षीच्या बचतीतून जातील. ३,८४,००० मधून ते गेलं की २,८४,००० खर्चाला उरतात, कमी पडणारे १,१६,००० एफडीतून. चौतीस हजार शिल्लक. पीएफला हात नाही, रानाला हात नाही, सोन्याला हात नाही. आणि बापाने भरलंय, पगारातूनच चांगलं पावणेचार लाख भरलंय. यजमानांना हा आकडा दाखवा. त्यांना वाटतं पीएफ काढला नाही तर आपण काहीच दिलं नाही.

सोन्याबद्दल थोडं जास्त लिहितो. तुम्ही "वेळ पडली तर पाटल्या आहेतच" असं जाता जाता लिहिलंय. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाखेत सोनेतारणाला रांग लागायची, अर्ध्या बायका मुलांच्या फीसाठी आलेल्या. मूल्यांकन करणारे सराफ काळ्या दगडावर पाटली घासायचे, सोनेरी रेघ उमटायची, त्यावर थेंबभर आम्ल सोडायचे. एका बाईंची नजर त्या रेघेवरून हलत नव्हती. वजन काट्यावर ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "घासलं ते कमी धरता का?" सराफ म्हणाले, "नाही हो, मावशी." त्यांनी पदराने दगडाच्या बाजूचा टेबल पुसला, जणू काही सांडलं असेल. सोनेतारण कर्ज एक वर्षाचं असतं आणि इंजिनिअरिंग चार वर्षांचं, ही गोष्ट त्यांना कोणी नीट सांगितली नव्हती. मीही नाही, त्या दिवशी रांग मोठी होती. त्यांनी दोनदा नूतनीकरण केलं, तिसऱ्या वर्षी व्याजही भरता आलं नाही, लिलावाची नोटीस माझ्याच सहीने गेली. ती सही मला अजून आठवते. त्या मुलाला तेव्हा चार लाखांचं शैक्षणिक कर्ज आमच्याच शाखेतून, शेजारच्या टेबलावर, विनातारण मिळालं असतं. म्हणून पाटल्या राहू द्या. आजारपण आलं, कारखान्याचा पगार थकला, तर महिन्या-दोन महिन्यांच्या अडचणीला सोनं उपयोगी पडतं. चार वर्षांच्या खर्चाला नाही.

आता मुलाकडे वळतो. "मी माझ्या नावावर काढतो, बाबांचा संबंध नाही" हे त्याचं वाक्य मनाने मोठं आहे, पण बँकेच्या कागदावर खरं नाही. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. सही दोघांची. त्याने हप्ता चुकवला तर सिबिल दोघांचं बिघडतं, फोन दोघांना जातात, नोटीस घरच्या पत्त्यावर येते. तेव्हा कर्जाची रक्कम आणि कॉलेज या दोन्हींत यजमानांचं मत हवंच, आणि ते मुलाने ऐकायला हवं.

एक प्रकरण सांगतो. मुलाने हट्टाने एका नव्या खासगी विद्यापीठात मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, सगळं मिळून बारा लाखांचं कर्ज, घराच्या तारणावर. माहितीपत्रकावर एका मुलाचं मोठं पॅकेज छापलेलं. पदवीनंतर नोकरी लागली १५,००० रुपयांची, हिंजवडीला, त्यात खोलीचं भाडंच सहा हजार. हप्ता पगाराहून जास्त. सात महिन्यांत खातं थकीत. वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यांनी निवृत्तीची ग्रॅच्युइटी आणून भरली. कर्ज मुलाच्या नावावर होतं, भरलं बापानेच.

म्हणून कर्ज किती हे फीवरून ठरवू नका, पहिल्या पगारावरून ठरवा. हप्ता पहिल्या पगाराच्या पाव हिश्शाच्या आत बसला पाहिजे, ही माझी मोजपट्टी. ५,२९० चा हप्ता साधारण २२,००० पगारात बसतो. कॉलेजला सर्वात मोठं पॅकेज विचारू नका, सरासरीही नको, एका मोठ्या आकड्याने ती फुगते. मधला आकडा विचारा: नोकरी लागलेल्या मुलांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर मधल्याला किती मिळाले. एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज क्रमवारीला, माहिती देणारी कॉलेजं हा आकडा देतात, वेबसाइटवर शोधला की सापडतो. आणि गेल्या वर्षी पास झालेल्या, आपल्याच भागातल्या दोन मुलांना फोन करा.

शिकता शिकता कमवण्याबद्दल मुलाने विचारलंय, रात्री डिलिव्हरीचं काम करू का म्हणून. माझं स्पष्ट मत आहे, पहिली दोन वर्षं नको. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे, लायब्ररीत किंवा ऑफिसात ठरावीक तासांचं काम आणि तासावर मानधन. कॉलेजात ती चालू असेल तर जरूर घे. त्यात मेसचा थोडा भार हलका होतो आणि अभ्यास बुडत नाही. रात्रीच्या कामात महिन्याला पाच-सात हजार मिळतील आणि गणिताचे दोन विषय राहतील. वर्ष राहिलं तर हॉस्टेल-मेसचे १,१०,००० वर, त्या वर्षीची शिष्यवृत्ती अडते, आणि पहिला पगार बारा महिने पुढे जातो. मुलाची या चार वर्षांतली सगळ्यात मोठी कमाई म्हणजे आठही सेमिस्टर वेळेत काढणं. त्याला हे रुपयांत सांगा, कळेल.

केंद्राच्या व्याज सवलतींबद्दल थोडक्यात. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणकाळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. तुमचं त्याच्या वर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के सवलत आहे, पण निवडक संस्थांसाठीच, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती नाही. तुमच्यासाठी ईबीसीच मोठी आहे. कर्जाचा अर्ज मात्र विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनच करा, त्याची नोंद राहते आणि शाखेला "बघू, या पुढच्या आठवड्यात" म्हणून टोलवता येत नाही. व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट आहे, फक्त जुन्या करप्रणालीत. तुमच्या उत्पन्नात तिचा फार उपयोग नाही, मुलगा पुढे कमावू लागला की त्याने बघावं.

एक गोष्ट लिहायला जड जाते. कर्जासोबत मुलाच्या नावाचा तेवढ्या रकमेचा विमा घ्या. माझ्याकडचा एक मुलगा तिसऱ्या वर्षाला असताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. विमा नव्हता, हप्ता वाचवायला नको म्हणाले होते. त्याचे वडील पुढे सहा वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला यायचे, काउंटरवर पैसे ठेवायचे, पावती घडी करून खिशात ठेवायचे आणि कोणाशी न बोलता जायचे. त्यांच्या शेवटच्या पावतीवर शिक्का मारला त्या दिवसापासून मी विम्याशिवाय एकही शैक्षणिक कर्ज पुढे पाठवलं नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. धाकटी दहावीत आहे. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख एकदाच आहे, "तिच्या लग्नाचं पण बघायचंय" असा. ताई, मुलासाठी पीएफ संपला असता तर तीन वर्षांनी तिच्या प्रवेशाला तुमच्याकडे "इथेच जवळच्या कॉलेजात बीए कर" एवढंच उरलं असतं. मी हे फार पाहिलंय: थोरल्याला पुणे, धाकटीला एसटीच्या अंतरावरचं काय असेल ते. आणि "मुलीच्या नावावर कर्ज नको, सासरचे काय म्हणतील" हे तर मी आयांच्याच तोंडून ऐकलंय. माझ्या १४ वर्षांत मुलींनी घेतलेली नर्सिंगची कर्जं सगळ्यात नियमित फिटली. एक मुलगी लग्नानंतर नवऱ्याला सोबत घेऊन शेवटचा हप्ता भरायला आली होती, पासबुकावर 'शून्य' छापून आल्यावर तिने ते आधी आईला फोटो काढून पाठवलं. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून राज्याने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी घरांना, कॅपमधून झालेल्या व्यावसायिक प्रवेशांना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. म्हणजे धाकटीचा ईडब्ल्यूएस दाखला निघाला तर तिच्या इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला मुलापेक्षा कमी पैसे लागतील. ईबीसीचा लाभ घरातल्या दोन अपत्यांना मिळतो तसा तुमच्या आठ हजारांचाही मिळाला पाहिजे. मुलाच्या चौथ्या वर्षाला ती पहिल्या वर्षाला येईल, तेव्हा आजच ठरवा की त्या वेळी मुलाच्या खर्चाचा थोडा भाग वाढीव कर्जात जाईल आणि महिन्याच्या शिलकेत तिचाही वाटा पडेल. हे मुलाला आत्ता सांगा, तो ऐकणारा वाटतो.

मुलाकडून एक वचनही घ्या, पण ते हप्त्याचंच. आई-बापाने भरलेले पावणेचार लाख त्याने परत करायचे नाहीत, ते दिलेले आहेत. त्याने फक्त स्वतःचं कर्ज स्वतः फेडायचं, तुमच्याकडे त्यासाठी यायचं नाही. घरातल्या देण्या-घेण्यात मला सगळ्यात जास्त कडवटपणा दिसला तो न बोललेल्या अपेक्षांचा. बापाला वाटतं "एवढं केलं, आता हा बघेल", मुलाला वाटतं "त्यांनी दिलं, त्यांचं कर्तव्य होतं", आणि सून आली की हा हिशेब पहिल्यांदा मोठ्याने निघतो, तोही भांडणात.

सोमवारी सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका, प्रवेशाच्या दिवसांत गर्दीने उशीर होतो. मंगळवारी मुलाला आणि यजमानांना घेऊन तुमचं पगाराचं खातं असलेल्या शाखेत जा. अलॉटमेंट लेटर, कॉलेजचा फीचा तपशील लेटरहेडवर, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, दोघांचे आधार आणि पॅन, यजमानांच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या. लेटरहेडवर हॉस्टेल आणि मेसची रक्कम वेगळी लिहून घ्या, नाहीतर बँक फक्त फीच धरते आणि मग मेसचे पैसे तुमच्याच खिशातून जातात. साहेबांसमोर मुलाला बोलू द्या. कर्ज त्याचं आहे, व्याजदर काय आणि हप्ता कधीपासून हे त्यानेच विचारावं.